रानातील अदब आणि तिची किंमत

‘अदब’ हा शब्द आपण बहुधा दरबार, कचेरी अथवा वडीलधारी मंडळी यांच्या संदर्भात वापरतो. कनिष्ठाने वरिष्ठासमोर पाळावयाची शिस्त, असा त्याचा रूढ अर्थ. रानात जाऊन वन्यप्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या शंभर वर्षांत जी अदब हळूहळू आत्मसात केली, तिचे स्वरूप थोडे निराळे आहे. समोरच्या प्राण्याला तुमचा हुद्दा ठाऊक नसतो आणि तुमच्या खिशातील परवानगीपत्र त्याला वाचता येत नाही. किती अंतरावर थांबावे, वारा कोणीकडून वाहतो आहे, किती वेळ बसावे आणि केव्हा मुकाट्याने परत फिरावे, एवढ्याच गोष्टींनी तेथील शिष्टाचार ठरतो.

माझे शिक्षण अर्थशास्त्राचे आणि नोकरी केंद्र सरकारची. वन्यजीवशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. तरीही हा विषय मला मुळात प्रशासनाचा वाटतो. अदब पाळण्यास वेळ लागतो. वेळेला किंमत असते. आणि ती किंमत कोणी चुकती करावयाची, हा प्रश्न अर्थशास्त्राचा तसाच राज्यकारभाराचाही आहे. भारतातील वन्यजीव-अभ्यासाचा इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. ज्या ज्या वेळी अभ्यासकाने अथवा शासनाने ही किंमत मोजण्याचे टाळले, त्या त्या वेळी ती दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. कधी प्राण्याला, कधी ज्ञानाला, आणि कधी शासनाच्या शिडीवरील सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला.

बंदुकीतून पाहिलेले रान

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ साली मुंबईत झाली. या संस्थेने १९११ मध्ये हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्या काळी सर्वेक्षण म्हणजे नमुने गोळा करणे, आणि नमुना म्हणजे मारलेला प्राणी. यात आजच्या नजरेने दोष काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. कोणता प्राणी कोठे राहतो, त्याच्या जाती-पोटजाती किती, हेच मुळात निश्चित व्हावयाचे होते. कातडी आणि कवटी हाती असल्यावाचून ते काम होण्यासारखे नव्हते. आपल्या संग्रहालयांतील मौल्यवान संग्रह त्याच काळाची देणगी आहे.

तथापि मृत प्राणी किती सांगू शकतो, यास मर्यादा असते. त्याची लांबी, वजन आणि दातांची झीज कळते. तो कसा जगत होता हे कळत नाही. शिकाऱ्यांच्या ज्ञानाचेही तेच होते. हाका घालून रान उठविले की वाघ बाहेर पडे, तो भेदरलेला किंवा चवताळलेला असे. मचाणावरून दिसे तो रेडकू बांधून बोलावलेला असे. संख्याशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर पाहणाऱ्याने निवडलेला नमुनाच एकांगी होता. वाघ म्हणजे मूर्तिमंत क्रौर्य, ही प्रतिमा पुष्कळ अंशी अशा एकांगी नमुन्यातून तयार झाली. पाहणाऱ्याच्या उपस्थितीने जे बिघडले, तेच त्याने प्राण्याचा स्वभाव म्हणून लिहून ठेवले.

या रूढ वाटेपासून दूर जाणारी दोन माणसे त्याच काळात दिसतात. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातील वनखात्याचे अधिकारी. त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. वाघाच्या वाटेवर तार ओढून ठेवावयाची. तारेस पाय लागला की दिवा उजळावा आणि चित्र उमटावे, अशी त्यांची रीत होती. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. वनखात्यात शिकार हा जवळजवळ नोकरीचाच भाग मानला जात असता एका अधिकाऱ्याने असे करावे, यास निराळ्या प्रकारचे धैर्य लागले असले पाहिजे.

दुसरे सलीम अली. अलिबागजवळील किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. लपणीत तासन् तास बसून, एकेका घरट्यावर नजर ठेवून त्यांनी जे पाहिले, त्याने त्या पक्ष्याविषयीची समजूतच बदलली. नर घरटे अर्धे विणतो. माद्या येऊन ते पारखतात. एखादीने पसंत केले की तो ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की स्वतः दुसरे घरटे विणावयास घेतो व दुसऱ्या मादीच्या प्रतीक्षेस लागतो. सलीम अलींनी पुढेही संग्रहासाठी पक्षी टिपले आणि त्याची आवश्यकता ते मोकळेपणाने सांगत. परंतु सुगरणीचा हा संसार कोणत्याही बंदुकीला दिसला नसता. तो दिसण्यास बसून राहणे आवश्यक होते.

निःशस्त्र पाहुणा

स्वातंत्र्योत्तर काळात या बसून राहण्याला शास्त्रीय शिस्तीचे रूप देण्याचे मोठे श्रेय जॉर्ज शॅलर यांच्याकडे जाते. १९५९-६० मध्ये त्यांनी आफ्रिकेतील विरुंगा पर्वतांत गोरिलांचा अभ्यास केला होता. गोरिला हा भयंकर आक्रमक प्राणी अशी तोवरची ख्याती होती. शॅलर त्यांच्याकडे एकटे जात, सावकाश जात आणि लपूनछपून न जाता त्यांना दिसेल अशा रीतीने जात. जवळ बंदूक बाळगीत नसत, आणि टक लावून पाहण्याचे टाळीत. बंदूकधारी माणसाची चालच बदलते आणि तो ताठा प्राण्याला जाणवतो, असा त्यामागील विचार होता.

हीच वृत्ती घेऊन ते १९६३ साली मध्य प्रदेशातील कान्हा येथे आले. १९६५ पर्यंत चाललेल्या या अभ्यासातून ‘द डिअर अँड द टायगर’ हा ग्रंथ १९६७ मध्ये सिद्ध झाला. चितळ, सांबर, बारशिंगा यांचे कळप मोजणे, वाघाच्या विष्ठेतील केस आणि हाडांचे तुकडे तपासून त्याचा आहार ठरविणे, मारलेल्या प्राण्याचे वय काढणे, असे हे चिकाटीचे काम होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बांधलेल्या जनावरावर वाघ येतो तेव्हाची निरीक्षणेही त्यात आहेत. तेवढ्यापुरते ते जुन्या जगातच होते. पण रानातील बहुतेक माहिती प्राण्याला हात न लावता मिळू शकते, हे या ग्रंथाने सिद्ध केले. वाघ नेहमी एकटा व अगदी माणूसघाण्यासारखा वाघघाणा असतो, ही समजूतही त्यातून ढिली झाली.

भारतीय संशोधकांत या परंपरेचे ठळक नाव ए. जे. टी. जॉनसिंग यांचे. १९७६ ते १९७८ या काळात त्यांनी बंदीपूरच्या रानात पायी हिंडून रानकुत्र्यांचा अभ्यास केला. कॉलर नाही, भूल देणे नाही. पायपीट आणि टिपणवही हीच साधने. २०२४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा देशभरातील वनाधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांना गुरू म्हणून स्मरले.

येथे आणखी एका वर्गाचा उल्लेख केला पाहिजे. ग्रंथांवर संशोधकांची नावे असली तरी वाट दाखविणारे डोळे बहुधा गोंड, बैगा, कोरकू, जेनु कुरुब अशा वनवासी माणसांचे होते. वानर आणि चितळ यांच्या इशाऱ्याच्या हाका ओळखणे, ठसा ताजा की शिळा हे सांगणे, हे ज्ञान त्यांच्याकडे होतेच. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी हे ऋण जितक्या मोकळेपणाने मान्य केले, तितके फार थोड्यांनी केले असेल. आपल्या भाषेनेही वाघाला ‘वाघोबा’ म्हटले आहे. वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर वाघबारस साजरी होते. त्या पूजेत भय आहे, आणि एका रानात दोघांनी राहावयाचे तर परस्परांची वाट अडवू नये हा करारही आहे.

माया आणि अदब

प्राण्यावर प्रेम करणे म्हणजेच त्याचा मान राखणे, असा समज सर्वत्र आढळतो. तो किती गुंतागुंतीचा आहे, हे ओडिशातील सरोज राज चौधरी यांच्या चरित्रावरून दिसते. चौधरी हे सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पाचे पहिले क्षेत्रसंचालक. १९७४ साली खैरी नदीजवळ सापडलेले वाघिणीचे एक पिल्लू त्यांनी जशीपूर येथील आपल्या निवासस्थानी वाढविले. ‘खैरी’ म्हणून ती देशभर प्रसिद्ध झाली. ती घरात मोकळी वावरे, माणसांजवळ झोपे.

खैरीमुळे विज्ञानाचा लाभही झाला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे रतनलाल ब्रह्मचारी यांना वाघ आपली हद्द आखण्यासाठी जो द्रव फवारतो, त्याचा जवळून अभ्यास करता आला. त्या संशोधनातूनच पुढे असे निष्पन्न झाले की, बासमती तांदळाच्या सुवासाला कारण असणारे रसायन या द्रवातही असते. रानातील वाघाजवळ जाऊन हे शोधणे त्या काळी अशक्यप्राय होते. परंतु खैरी रानात परत जाऊ शकली नाही. १९८१ मध्ये ती माणसांतच मरण पावली. चौधरींच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिने खैरीला घर दिले, पण वाघिणीला तिचे रान मिळाले नाही. आज अनाथ पिल्ले वाढविताना त्यांना माणसाची सवय लागू नये म्हणून जी खटपट केली जाते, तिच्यामागे असे अनुभव आहेत.

कायद्याने काय म्हटले

१९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आपण शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखतो. पण त्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. ठार मारणे, विष घालणे, सापळा लावणे यांबरोबरच प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखविणे यांचाही तिच्यात समावेश आहे. पक्ष्यांची अथवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे, हेही शिकारीतच मोडते. म्हणजे ज्याच्या हाती बंदूक नाही, तोही कायद्याच्या दृष्टीने शिकारी ठरू शकतो. पुढे अभयारण्यात प्राण्यांना छेडण्यास वा सतावण्यासही स्पष्ट मनाई करण्यात आली.

याच अधिनियमाच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणत्या कारणांसाठी द्यावी याची यादी आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन ही सारी कारणे तेथे एकाच ओळीने उभी आहेत. आपल्यापैकी जे नोकरीधंद्यानिमित्त जबलपूर, म्हैसूर वा जयपूर येथे स्थायिक आहेत आणि सुटीत मुलाबाळांना घेऊन जवळच्या व्याघ्र प्रकल्पात जातात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. कायद्याच्या दृष्टीने पर्यटकाची आणि संशोधकाची पायरी एकच आहे, दोघेही पाहुणे.

ठशांचे आकडे

खैरीचे पालनकर्ते चौधरी यांचेच नाव आणखी एका गोष्टीशी जोडलेले आहे. पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची पद्धत त्यांनी १९६० च्या दशकात प्रचारात आणली. ठशावर काच ठेवून त्याची आकृती गिरवावयाची, प्लास्टरचा साचा घ्यावयाचा, आणि ठशांच्या फरकावरून वाघ वेगळे ओळखावयाचे. १९७२ च्या देशव्यापी गणनेत या पद्धतीने १,८२७ वाघ मोजले गेले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

अदबीच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष होती. वाघ निघून गेल्यावर त्याच्या वाटेवर वाकून पाहणे, याहून सौम्य अभ्यास कोणता? तिचा दोष अन्यत्र होता. माती ओली की कोरडी, उतार किती, गिरविणाऱ्याचा हात कसा, यांनुसार एकाच पंजाचे ठसे बदलतात. प्रत्येक वाघ ठशावरून निश्चित ओळखता येतो, हे गृहीत कसोटीस उतरलेले नव्हते. त्यातच मोजणारे खाते आणि संरक्षणाबद्दल जबाबदार असलेले खाते एकच. आकडा वाढला तर शाबासकी, घटला तर खुलासा. अशा व्यवस्थेत आकडे कोणत्या दिशेने सरकतील, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २००१-०२ च्या गणनेत देशातील वाघांची संख्या ३,६४२ सांगितली गेली.

२००५ साली राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्याच्या आदल्याच वर्षी कागदोपत्री तेथे दीड डझनाच्या आसपास वाघ होते. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले होते. पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले. पाऊलखुणांची गणना मोडीत निघाली. नव्या पद्धतीने झालेल्या २००६ च्या पहिल्या अंदाजात १,४११ हा आकडा आला. पद्धतीच निराळ्या असल्याने दोन आकड्यांची थेट वजाबाकी करणे योग्य नव्हे. पण धक्का बसावयाचा तो बसलाच. प्राण्यापासून अंतर राखणे पुरेसे नसते, पुराव्याचीही अदब राखावी लागते, हा सरिस्काचा धडा होय.

कॅमेरा आणि कॉलर

नव्या पद्धतीचा पाया कर्नाटकातील नागरहोळे येथे घातला गेला होता. उल्हास कारंत यांनी १९९० नंतर तेथे स्वयंचलित कॅमेरे लावले. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे एकमेवाद्वितीय असतात. तोच वाघ पुन्हा किती वेळा टिपला जातो, यावरून न टिपलेल्या वाघांचा अंदाज संख्याशास्त्राने बांधता येतो. त्यांचा हा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. चॅम्पियन यांच्या तारेवरच्या कॅमेऱ्याला असे सुमारे सात दशकांनी गणिताचे बळ मिळाले. २०१८ च्या देशव्यापी अंदाजात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी टिपलेल्या सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची होती. यांपैकी एकाही छायाचित्रासाठी कोणी वाघाची वाट अडविली नाही.

रेडिओ कॉलरची गोष्ट निराळी. १९७३ साली नेपाळमधील चितवन येथे वाघाला प्रथम कॉलर बसविण्यात आली. भारतात नागरहोळे येथे १९९० मध्ये. कॉलर बसविण्यासाठी प्राण्याला भूल द्यावी लागते. त्यात धोका असतो आणि तो प्राण्याच्या संमतीवाचून आपण पत्करतो. म्हणून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो : यातून मिळणारे ज्ञान या जोखमीच्या तोडीचे आहे काय? २०२३ च्या पावसाळ्यात कुनो येथे आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांपैकी काहींच्या मानेवर व पाठीवर जखमा होऊन त्यांत संसर्ग झाला, आणि काही चित्ते दगावले. दक्षिण गोलार्धातील या प्राण्यांना त्या महिन्यांत हिवाळ्याची दाट लव येते. येथे मात्र तो दमट पावसाळा होता. कॉलरचा त्यात वाटा किती, यावर मतभेद झाले. तपासणीसाठी कॉलर काढाव्या लागल्या. उपकरण प्राण्याच्या मानेवर असते, तेव्हा पंचांगही प्राण्याचे पाहावे लागते, एवढे तरी यातून निश्चित होते.

कॉलरने शासनाला शहाणपण दिल्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. जुन्नर परिसरात २००१ पासून उसाच्या फडांतील बिबट्यांना पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात येऊ लागले. हेतू लोकांच्या रक्षणाचाच होता. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते ही मोहीम सुरू झाल्यावर सरासरी १७ झाले. पुढे अकोले परिसरातील त्यांच्या अभ्यासात, चौरस किलोमीटरमागे ३०० हून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या मुलखातही बिबटे नांदत असल्याचे आढळले. २००९ साली आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून वाचविलेल्या एका बिबट्याला कॉलर लावून माळशेज भागात सोडले, तर तो सुमारे महिनाभरात शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईजवळच्या डोंगरांत पोहोचला. ‘आजोबा’ या नावाने त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्या मानेवरील एका पट्ट्याने जे शिकविले ते असे : प्राण्याला आपल्या सोयीच्या जागी नेऊन ठेवणे ही व्यवस्था आपली असते, त्याची नसते. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या आणि तेथील अनभिज्ञ गावकरी, दोघेही या सोयीचे दाम मोजतात.

सर्वांत खालची पायरी

आता या लेखाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कॅमेरे कितीही वाढले तरी देशव्यापी अंदाजाचा पहिला टप्पा अजूनही पायीच होतो. वनरक्षकाने आपल्या नियतक्षेत्रात ठरलेल्या वाटांवरून चालावे, मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा नोंदवाव्यात, तृणभक्षी मोजावेत. २०१८ साली ही पायपीट सव्वापाच लाख किलोमीटरच्या आसपास भरली; २०२२ च्या फेरीत ती सहा लाखांच्या वर गेली. दिल्लीत अहवालाचे प्रकाशन होते, तेव्हा व्यासपीठावर वाघांचा आकडा असतो. ही पायपीट एखाद्या कोष्टकात असते.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांसह अशाच सर्वेक्षणावर होती. पुढे सुमारे दोनशे मीटरवर वाटेत वाघीण बसलेली दिसली. ही मंडळी थांबली. अर्धा तास थांबली. वाघीण उठली नाही. तेव्हा त्यांनी दाट झाडीतून वळसा घालून पुढे जाण्याचा प्रयत्न केला. वाघिणीने चाहूल घेतली आणि सर्वांत मागे असलेल्या वनरक्षकावर झडप घातली. त्यात त्या तरुण वनरक्षकाचा मृत्यू झाला. ताडोबातील पायी सर्वेक्षण त्यानंतर काही काळ थांबविण्यात आले.

या घटनेत कोणाचा दोष, हे दिल्लीत बसून ठरविण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. त्या मंडळींनी अर्धा तास वाट पाहिली, हीच त्यांची अदब होती. वाघिणीनेही वाघिणीसारखेच वर्तन केले. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे. त्या अर्ध्या तासानंतर मागे फिरावे, दिवसाचे काम अपुरे ठेवून चौकीवर परतावे आणि वहीत तसे लिहावे, यास आपल्या व्यवस्थेत किती जागा असते? शॅलर यांना कान्ह्यात दोन वर्षे होती. सलीम अलींना किहीमला एक पावसाळा होता. आज संध्याकाळी माघार घेतली तर उद्या पुन्हा येण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. वनरक्षकाला ठरलेल्या दिवसांत ठरलेले किलोमीटर चालावयाचे असतात, आणि त्याच्यावर परिक्षेत्र, विभाग, राज्य व केंद्र अशी तारखांची उतरंड असते. अभ्यासकाची अदब ही त्याची निवड असते. वनरक्षकाची अदब बहुधा वेळापत्रकावर अवलंबून राहते.

अर्थशास्त्रात ‘बाह्य खर्च’ अशी एक संकल्पना आहे. कारखाना आपला धूर हवेत सोडतो, तेव्हा त्याचा खर्च शेजारच्या वस्तीतील लोकांची फुफ्फुसे सोसतात. कारखान्याच्या जमाखर्चात तो कोठेच दिसत नाही. घाईचेही तसेच आहे. तारीख ठरविणाऱ्याच्या जमाखर्चात घाई फुकट असते. तिचा खर्च रानात भरला जातो.

उपाय फार मोठे अथवा खर्चिक नाहीत. सर्वेक्षणाच्या वेळापत्रकात राखीव दिवस प्रारंभीच धरावेत, ते वाया गेलेले समजू नयेत. वाट सोडून वळसा न घालण्याचा नियम असावा, आणि परत फिरण्याचा अंतिम निर्णय जागेवरील ज्येष्ठ कर्मचाऱ्याचा असावा. त्याविषयी वरून खुलासा मागितला जाऊ नये. वनमजूर आणि स्थानिक वाटाडे यांच्या ‘आता पुढे नको’ या शब्दाला वनरक्षकाइतकेच वजन असावे, कारण ते रान त्यांनी अधिक वर्षे पाहिलेले असते. जेथे पायी चालण्याने मिळणारी माहिती कॅमेऱ्याने मिळू शकते, तेथे चालण्याचा आग्रह धरू नये. यांपैकी काही गोष्टी काही ठिकाणी पाळल्या जातातही. त्या सर्वत्र पाळल्या जाव्यात, आणि अधिकाऱ्याच्या स्वभावावर न सोडता नियमांत लिहिल्या जाव्यात.

बंदुकीपासून लपणीपर्यंत, लपणीपासून काचेच्या तुकड्यापर्यंत आणि तेथून कॅमेऱ्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे माणसाने प्राण्याला हळूहळू जागा देत जाण्याचा इतिहास आहे. प्रत्येक टप्प्यावर आपण थोडे मागे सरलो, आणि तेथून आपल्याला अधिक दिसले. आता हीच सवलत आपण आपल्या माणसांना देणे उरले आहे. सर्वेक्षणाच्या नमुन्यात खुणा, विष्ठा, ठसे, झाडांवरील ओरखडे यांच्यासाठी रकाने असतात. त्यांत आणखी एक रकाना असावा : ‘प्राणी वाटेवर होता, म्हणून काम झाले नाही.’ आणि ज्या दिवशी अशी नोंद करणाऱ्या वनरक्षकाचा दिवस पूर्ण भरलेला मानला जाईल, त्या दिवशी ही अदब खऱ्या अर्थाने शासनाच्या अंगवळणी पडली असे म्हणता येईल.